झाकणावरचा क्रूस

"झाकणावरचा क्रूस काढून टाक," पास्टर म्हणाले आणि सुताराचं डोकंच फिरलं. आईची शवपेटी त्याने रात्रभर खपून बनवली होती. क्रूस तर एकही खिळा न मारता झाकणात खाच पाडून बसवला होता. बारा वर्षं तो चर्चची पायरी चढला नव्हता, पण त्याचा सूड आईच्या पेटीवर? त्याने हातोडीचा दांडा पास्टरांच्या जबड्यावर घातला. दुसरा फटका बरगड्यांवर. पास्टर लाकडाच्या भुशात कोसळले.

"विश्वास सोडला की तारण गेलं, मग थेट नरक, हे तूच दर रविवारी तिच्या कानीकपाळी ओरडलास. माझ्या काळजीने झुरून मेली ती. आता तिला क्रूससुद्धा नाही?"

"तिनेच नको म्हणून सांगितलंय," पास्टर रक्त थुंकत म्हणाले. "काल शेवटच्या प्रार्थनेला बसलो, तर माझा हात झटकला. म्हणाली, 'मीपण आजपासून विश्वास सोडला. पोरगा नरकात जाणार असेल, तर मी पुढे जाऊन बसते. आल्यावर त्याला कुणीतरी आपलं माणूस दिसायला हवं.'"

तिसऱ्या फटक्यासाठी उचललेला हात तसाच राहिला.

पास्टरांनी त्याचा पाय धरला. "तू तरी परत ये, बाळा. अजून वेळ गेलेली नाही."

सुताराने पटाशी घातली आणि क्रूस उपटला. त्याच्याबरोबर झाकणही उभं चिरलं.

"मी परत आलो, तर तिकडे तिला कोण आहे?"