पट्टा थांबला – शून्य वेळा

सरकत्या पट्ट्यावरच्या तूरडाळीत शिवकन्येला तारेचा तुकडा दिसला. नखाएवढाच होता. तिनं तो उचलला. पण चाळणीची जाळी तुटली असेल, तर असे आणखी किती पिशव्यांत गेले असतील?

डोक्यावर लाल दोरी लोंबत होती. तीन महिन्यांपूर्वी लोहाऱ्याजवळच्या या डाळमिलमध्ये ती बांधली, तेव्हा सुपरवायझर बलभीमनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, "चूक दिसली की कुणीबी दोरी ओढा. पट्टा थांबंल. रोज थोडी थोडी सुधारणा करायची." पहिल्याच आठवड्यात खडा दिसला म्हणून बजरंगनं दोरी ओढली. दुसऱ्या दिवसापासून तो बाहेर उन्हात पोती उतरवतोय. पुन्हा कुणी दोरीला हात लावला नाही.

त्यात आज डाळ घेणाऱ्या कंपनीच्या मॅडम आलेल्या. बलभीम त्यांना तीन महिन्यांचा फळा दाखवत होता: 'पट्टा थांबला – शून्य वेळा.' बजरंगनं थांबवलेला त्यात धरलाच नव्हता.

"ठिव लपवून," शेजारी उभी पार्वतम्मा कुजबुजली. "त्या गेल्यावर बघू."

"तवर गाडी भरून जाईल, अक्का."

"जाऊ दे. हितलं काम सुटलं तर कुठं जाशील?"

पिशवीतली डाळ कोण निवडत बसतंय? धुतली की सरळ कुकरला.

तिनं दोरी ओढली.

पट्टा थांबला. पत्र्यावरच्या पारव्यांचं घुमणं ऐकू येऊ लागलं. बलभीम धावत आला. "आजच सापडलं व्हय तुला?" दात आवळून तो म्हणाला. शिवकन्येनं मूठ उघडली.

मॅडमनी तुकडा उजेडात धरून पाहिला. मग फळ्याकडं पाहिलं.

"तीन महिन्यांत ही पहिलीच चूक?"

"व्हय मॅडम, पहिलीच," बलभीम घाईनं म्हणाला. "आपल्याकडं चूक होतच न्हाय."

शिवकन्या खाली मान घालून उभी राहिली. आता उद्यापासून आपणही उन्हात.

पार्वतम्मानं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग एप्रनखालून पदराचं टोक ओढून काढलं आणि दातानं त्याची गाठ सोडवली. तारेचे पाच-सहा तुकडे तिनं पट्ट्यावर एकेक करून मांडले.

"ह्ये कालचं," ती म्हणाली. "आन् ह्ये परवाचं."