वरच्या फांदीची फळं

"हे घर रिकामं आहे," आई म्हणाली.

मिरानच्या हातातला कुंचला तसाच राहिला. चित्र नुकतंच वाळलं होतं. मागे शाईचा फिकट डोंगर, पुढे घर, अंगणात पर्सिमनचं झाड. पानं गळलेली आणि फांदी न् फांदी केशरी फळांनी लगडलेली. गॅलरीच्या मालकांनी नुसता फोटो पाहून सांगितलं होतं, "बाई, या वेळी प्रदर्शनात हेच मधोमध लावू. केवढी आशा आहे यात!"

पण मिरानने ते गॅलरीसाठी काढलंच नव्हतं. वसंतात बाबा गेले. तिने आईला सोल शहरात, अकराव्या मजल्यावरच्या आपल्या घरी आणलं. तेव्हापासून आई खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर भिंतीला टेकून बसे. वाढलं तेवढं जेवे. बाबांचं नाव तिच्या तोंडून एकदाही आलं नव्हतं, गावाचंही नाही. ती रडलीही नव्हती. गावचं घर समोर दिसलं तर काहीतरी बोलेल, म्हणून मिरान सांग्जूजवळच्या त्या गावी एकटी जाऊन, अंगणात बसून ते झाड रेखाटून आली होती.

"रिकामं कसं? दार उघडं आहे बघ. धुराड्यातून धूर येतोय."

"धूर तू मनाने घातलास. झाड मात्र बघून काढलंस." आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. "माणसं असलेल्या घराचं झाड असं असतं का? ऑक्टोबर संपत आला. गावात सगळ्यांची फळं उतरवून, सोलून, वळचणीला वाळायला टांगूनसुद्धा झाली असतील. तू तिथे गेलीस आणि एकही तोडलं नाहीस?"

"चित्र काढायला गेले होते गं मी."

"हो ना. चित्र काढायला."

त्या कागदावर आता काही करण्यासारखं नव्हतं. शाई मुरली होती, केशरी रंगही मुरला होता.

सकाळी ती उठून बाहेर आली, तर आई कोट चढवून दाराशी बूट घालत होती.

"दंव पडलं की फळ मऊ होतं. मग सोलता येत नाही. चल."

गावी बाबांचा फळं उतरवायचा बांबूचा झेला गोठ्याच्या भिंतीला, त्यांनी ठेवला होता तिथेच उभा होता. मिरान शिडीवर चढली. आई खाली टोपली घेऊन.

"ओढू नकोस, पिरगाळ! देठाशी काडी राहू दे. नाहीतर दोरा काय तुझ्या नाकाला बांधू?"

मिरानला हसू फुटलं. हे सगळं पूर्वी बाबांना ऐकावं लागे. वरच्या फांदीची फळं गावात सगळेच ठेवतात, हिवाळ्यात त्या काळ्यापांढऱ्या पाखरांना म्हणून. दोन, फार तर तीन. बाबा मात्र अर्धी फांदी सोडून खाली उतरत. आई खालून ओरडे, "अहो, पाखरं आहेत की जावई?"

"पाखरू आलं तर ओरडेल," बाबा म्हणत. "ओरडलं तर पाहुणा येईल. आणि आपल्याकडे पाहुणा म्हणजे कोण? मिरानच की."

मग ते सोलला फोन लावत. "सकाळपासून पाखरू ओरडतंय. येतेस ना?" मिरानला बहुतेक वेळा जमत नसे. कधी प्रदर्शन असे, कधी नुसताच कंटाळा.

"वर तीन ठेवलीत," ती शिडीवरून म्हणाली. "उतरू का?"

आई मान वर करून बघत राहिली.

"अजून ठेव," ती म्हणाली. "तुझे बाबा एवढ्यावर उतरले नसते."

एवढं बोलून ती ओट्यावर बसली, आणि हातात सोलायची सुरी तशीच धरून मोठ्याने रडली. मिरान शिडीवरच थांबली. थोड्या वेळाने आईने बाहीने तोंड पुसलं आणि टोपलीतलं पहिलं फळ सोलायला घेतलं.

परत निघायच्या दिवशी आई गाडीत बसलीच नाही. "एवढी फळं टांगलीत. ती रोज चाचपायची कोणी? तू जा."

डिसेंबरात प्रदर्शन भरलं. मधोमध नवं चित्र होतं. तोच डोंगर, घराचं नुसतं छप्पर, काळं ओकंबोकं झाड, आणि अगदी वरच्या फांदीवर केशरी रंगाचे काही ठिपके. धूर या वेळी काढला नव्हता.

"पहिलं किती भरलेलं होतं, बाई," मालक हळहळले. "हे फार उदास झालं हो."

चित्रासमोर उभी असलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बिचारं घर. कोणी राहत नसावं."

मिरान सांगणार होती, तेवढ्यात फोन वाजला. गावाहून होता.

"सकाळपासून पाखरू ओरडतंय," आई म्हणाली. "येतेस ना?"