अण्णांचा टर्न
वडिलांच्या दहाव्याला पिंड ठेवून तास झाला, तरी कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलीय त्यांची." काका हात जोडून म्हणाले, "अण्णा, वहिनीला आम्ही अंतर देणार नाही." आत्या म्हणाली, "तुझ्या वसुधाचं लग्न मी लावीन." कावळा भिंतीवरून हलला नाही. काका माझ्याकडे वळले, "तू तरी सांग रे, काय राहिलंय?" मामानं मस्कतहून आणलेल्या, इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ असलेल्या हातातल्या मशीनवर अण्णांचा नि माझा डाव अर्धवट होता. आजारपणात अण्णा रोज ते पुढे करायचे, "तुझा टर्न." मी रोज म्हणायचो, "उद्या." काकांना मी म्हणालो, "काही नाही." शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मुलुंडला घरी परतल्यावर मी मशीन चालू केलं. डाव तसाच होता, टर्न माझाच. शब्द मला केव्हाच सुचला होता. तो लावला असता, तर अण्णांचा टर्न आला असता.