मुराळ्याची सायकल

पडद्यावर सायकलची चेन उतरली आणि कल्याणरावांनी मान खाली घातली. पुढचं त्यांना माहीत होतं. पोरगा रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसणार, हात काळे करून चेन चढवणार. तो पिंगळी स्टेशनावर पोचेल तेव्हा पॅसेंजरचा शेवटचा डबा दूर जात असेल. फलाटावर बहीण नसेल.

ही गोष्ट त्यांनीच मुलाला, रुद्रेशला, सांगितली होती. रुद्रेशनं तिच्यावर आपला पहिला चित्रपट केला. नव्या दिग्दर्शकांच्या पहिल्यावहिल्या चित्रपटांचा महोत्सव यंदा परभणीत भरला होता. इराण, चिली, जॉर्जिया इथून चित्रपट आले होते. जिल्ह्यातला हा एकच. कल्याणरावांनी गंगाखेडचं कापडदुकान बंद ठेवलं होतं. शेजारच्या खुर्चीवर त्यांची थोरली बहीण त्रिवेणी बसली होती. ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. रुद्रेश स्वतः तिच्या गावी जाऊन तिला घेऊन आला होता.

गोष्टीत खोटं एवढंच होतं, की चेन उतरली नव्हती.

तेव्हा घर पिंगळीजवळच्या खेड्यात होतं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी त्रिवेणीनं बांगड्या विकणाऱ्या कासाराच्या हाती निरोप धाडला. मार सोसवत नाही, उद्या पिंगळीला उतरते, मुराळी पाठवा. सासरहून लेकीला आणायला भाऊ मुराळी होऊन जायचा. त्याच्याशिवाय दारात आलेली लेक म्हणजे टाकलेली, असं गाव धरून चालायचं. नेमके त्याच दिवशी धाकटीला बघायला पाहुणे येणार होते. वडील म्हणाले, आज नको. वीस वर्षांचा कल्याण तरीही सायकल काढून निघाला. स्टेशनाच्या कुंपणालगत एका लिंबाखाली थांबला. अक्का बाकावर बसलेली दिसली. मांडीवर बोचकं, नजर रस्त्याकडं. तो बराच वेळ उभा राहिला. मग परत फिरला.

घरी त्यानं सांगितलं, वाटेत चेन उतरली, पोचेपर्यंत अक्का परतीच्या गाडीनं निघून गेली होती. वडिलांनी जास्त विचारलं नाही. धाकटीचं लग्न जमलं. सायकल त्यानं त्याच आठवड्यात विकून टाकली. संध्याकाळच्या गाडीनं सासरी परतलेल्या त्रिवेणीलाही पुढं हेच कळवण्यात आलं. नंतर ती माहेरी आली ती लग्नकार्याला आणि मयतीला. कधीतरी तिचा डावा हात कोपरात सरळ होईनासा झाला. त्याचं कारण घरात कुणी विचारलं नाही.

दिवे लागले. टाळ्या बराच वेळ चालल्या. मागच्या रांगेतली नीनो, जॉर्जियाहून आपला चित्रपट घेऊन आलेली तरुण दिग्दर्शिका, डोळे पुसत उभी राहिली आणि तिनं काहीतरी विचारलं. रुद्रेश स्टेजवरून खाली आला. त्यानं माइक आत्याच्या पुढं धरला.

"आत्या, ही विचारायलीय, हे खरंच घडलं का?"

कल्याणरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आज चित्रपट सुरू व्हायच्या आधी अक्काला खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मग लोक भेटत गेले, नमस्कार होत गेले, आणि अंधार झाला.

त्रिवेणीनं उजव्या हातात माइक घेतला.

"घडलंय की. चेनच उतरल्यावर भाऊ तरी काय करंल? लय पळाला असंल बिचारा."

सभागृह हसलं, मग पुन्हा टाळ्या झाल्या. संयोजकांनी कल्याणरावांना स्टेजवर बोलावून शाल पांघरवली. बहिणीसाठी धावलेला भाऊ, असं कुणीतरी माइकवर म्हणालं. कल्याणरावांनी हात जोडले. आता सांगायची वेळ कायमची गेली, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. आणि लाज वाटावी इतकं हलकंही वाटलं.

बाहेर अंगणात चहा होता. नीनो येऊन त्रिवेणीचा हात हातात घेऊन उभी राहिली. ती काय बोलली ते कुणाला कळलं नाही, पण त्रिवेणीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग रुद्रेश नीनोला पुढच्या चित्रपटासाठी आत घेऊन गेला. झाडाखालच्या खुर्च्यांवर दोघं भावंडंच राहिली. कल्याणरावांनी अक्काला चहा आणून दिला. शाल अजून खांद्यावर होती.

"लय चांगलं केलंय पोरानं," त्रिवेणी म्हणाली. "एकच राहिलं."

"काय?"

"सायकलच्या सीटवर कवर पायजे होतं. लाल, लोकरीचं."

"सांगायचं ध्यानातच राहिलं न्हाई, अक्का," कल्याणराव म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले.

ते कव्हर तिनंच सासरी चोरून विणलं होतं. निरोपासोबत कासाराच्याच हाती धाडलं होतं. स्टेशनाकडं निघताना कल्याणनं ते सीटवर चढवलं. पुढं सायकलीबरोबर तेही गेलं. अक्कानं ते सायकलवर पाहिलं असेल तर एकाच जागी, त्या लिंबाखाली.

त्यांनी विचारलं, "दिसलो होतो तर हाक का मारली न्हाईस?"

त्रिवेणीनं चहा खाली ठेवला. त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल उजव्या हातानं सारखी केली.

"मुराळ्याला हाक मारायची नसती, कल्याण. त्यानं यायचं असतं."