मधली खुर्ची

आईला ऐकू येत नाही. त्यामुळे शाळेत पालकांना बोलावलं की मधल्या खुर्चीत मी बसते. सरांचं बोलणं हातांनी आईला सांगते, आईच्या खुणा तोंडाने सरांना.

सर म्हणाले, "बारावीनंतर हिला बाहेरगावच्या कॉलेजात पाठवा. वसतिगृहासकट सगळी सोय होतेय."

माझे हात म्हणाले, 'बाहेरगावी जाण्यात काही अर्थ नाही म्हणतात. इथलंच संध्याकाळचं कॉलेज करायचं, दिवसा दुकानात नोकरी.'

सरांच्या झुपकेदार मिशांमुळे आईला त्यांचे ओठ वाचता येत नाहीत. मी निर्धास्त होते.

आईचे हात म्हणाले, 'म्हणजे दवाखान्यात माझ्याबरोबर तूच येणार.'

'मीच येणार.'

सरांना मी म्हणाले, "आई म्हणते, विचार करून सांगते."

"अगं, विचार कसला त्यात? उद्या मुदत संपतेय."

माझे हात म्हणाले, 'सर म्हणतात, पोरगी हुशार आहे, इथेही नाव काढेल.'

आई माझ्या बोटांकडे बघत राहिली. 'थापा मारताना तुझे हात लहानपणापासून असेच जड होतात, बाई. जा म्हणतायत ना ते?'

मी उत्तर द्यायच्या आत तिने माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरले. मग सरांकडे वळून, लोक हसतात म्हणून घराबाहेर कधीच न काढलेल्या आवाजात म्हणाली, "पाठवते."

सरांना काहीच कळलं नाही. त्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणतायत त्या?"