साहेबांचा फोन

नवे फोन माणसांपेक्षा शहाणे होते. वायर खोचली की सर्व्हरला विचारून पडद्यावर आपापल्या मालकाचं नाव आपणच लिहायचे; टेबल कुणाचंही असो. साहेबांच्या फोनचा पडदा मोठा, म्हणून साहेब यायच्या आत मी तो गमतीने माझ्या टेबलावर लावला. लगेच वाजला. “साहेब, मुख्य कचेरीतून बोलतोय. तुमच्याकडचा एक माणूस कमी करायचाय. नाव सांगा.” मी साहेबांसारखा खाकरलो. साहेबांनी माझंच नाव दिलं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. शेजारी माझा जुना दोस्त नव्या फोनवर स्वतःचं नाव बघून हरखला होता. मी त्याचं सांगितलं. “झालं,” पलीकडचा म्हणाला, आणि दोस्ताच्या पडद्यावरचं नाव पुसलं गेलं. “अरे, माझा बंद पडला! तुला यातलं कळतं. बघतोस जरा?” मी टेबलाखाली वाकलो आणि बराच वेळ त्याची वायर काढत-घालत राहिलो.