सासूबाईंचं घड्याळ

शहर स्मार्ट करायचा करार झाला, तेव्हापासून रस्ते पालिकेचे राहिले आणि ते झाडणाऱ्या बायका कंपनीच्या झाल्या. प्रत्येकीच्या मनगटावर कंपनीचं घड्याळ आलं. ते दहा मिनिटं जागचं हललं नाही, की त्या दिवसाची गैरहजेरी.

त्या सकाळी झाडता झाडता सासूबाईंना दम लागला, कपाळावर घाम फुटला. सुनेने त्यांचं घड्याळ काढून स्वतःच्या मनगटावर चढवलं.

"आई, तुम्ही बसा या बँकेच्या पायरीवर. तुमचाही रस्ता मी झाडते."

"दोन दोन घड्याळं! थाट बघा बाईचा," सासूबाई हसल्या. "धावत सुटू नकोस गं. बाळ अजून अंगावर पितंय."

पाऊण तासात सुनेने दोन्ही रस्ते लख्ख झाडले. परत आली तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून तशाच बसल्या होत्या. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही.

दवाखान्याच्या दारात मुकादम पालिकेच्या साहेबांना मोबाइलवर नकाशा दाखवत होता. "बघा साहेब, पाऊण तास एकसारख्या चालत होत्या बिचाऱ्या."

मग तो सुनेजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, घड्याळाच्या कडेला लाल बटण असतं ना, मदतीचं? ते दाबलं असतं तर पाच मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली असती. त्यांनी दाबलं कसं नाही?"

सुनेने बाही बोटांपर्यंत खाली ओढली.